ओटीखालचा पट्टा

आरोहीच्या पोटाला उशी बांधली तेव्हा अख्खी शाळा हसली.

रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होता. आरोग्य केंद्रातल्या नर्स रचनाताई पटांगणात गाडीची एक जुनी सीट, तिचा पट्टा आणि ही एवढी मोठी उशी घेऊन आल्या होत्या. "गरोदर बाई कोण होतंय?" असं त्यांनी माइकवर विचारलं आणि नववी ब च्या सगळ्या मुली एकदम जमिनीवरच्या मुंग्या मोजायला लागल्या. आरोहीनं तर मान इतकी खाली घातली की वेणीचं टोक मातीला लागलं. ही तीच आरोही, जी हजेरीला "हजर" इतकं हळू म्हणायची की बाईंनी दोनदा तिची गैरहजेरी लावली होती. पण मागून ऋतिकानं असा काही धक्का दिला की ही थेट रचनाताईंच्या समोर!

उशी बांधली. हसणं सुरू झालं. आरोहीचे कान तापले, डोळे भरून आले. आणि मग काय झालं कोण जाणे, तिला वाटलं, हसतायत ना, मग नीट तरी हसू देत. तिनं एक हात कमरेवर ठेवला, पाय फाकवले, बदकासारखी डुलत डुलत सीटपर्यंत गेली आणि "अगं बाई गं!" करत धप्पकन बसली. टाळ्यांनी पटांगण दणाणलं.

"बघा," रचनाताई तिला पट्टा लावत म्हणाल्या, "पोटावरून कधीच न्यायचा नाही. खालचा पट्टा पोटाच्या खाली, कमरेच्या हाडावर. वरचा छातीच्या मधून येऊन पोटाच्या बाजूनं. गाडी अचानक थांबली तर झटका हाडानं घ्यायचा, बाळानं नाही."

त्या दिवसापासून वर्गातली मुलं तिला "ए वहिनी" म्हणायला लागली. आधीची आरोही आठ दिवस घरात बसून रडली असती. ही आरोही म्हणाली, "बोला भावोजी, काय काम काढलंत?" आरोहीलाच आपल्या आवाजाचं नवल वाटलं. तो आवाज इतकी वर्षं होता तरी कुठं? एकदा सापडल्यावर मात्र तो काही केल्या थांबेना.

आणि पुढच्याच रविवारी तिच्या मोठ्या बहिणीला, सुचिताताईला, सातव्या महिन्यात माहेरी आणायचं होतं.

सुचिताताई उरणकडे दिली होती. भावोजी, म्हणजे खरेखुरे भावोजी, सिद्धेश, न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कामाला. त्या दिवशीही ते ड्युटीवरच होते. म्हणून बाबा आपली इको घेऊन निघाले, आणि शेजारच्या सीटवर आरोही. आई घरी राहिली, कारण ताई येणार म्हणून अंगणात पोपटी लावायची होती, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजायच्या होत्या, आणि त्या निवडायच्या बाबतीत आईचा दुसऱ्या कुणावर विश्वास नाही.

इको म्हणजे बाबांचा जीव. चौल ते अलिबाग प्रवासी भाडं. तिला रोज धुणार, पुसणार, आरशाला गोंड्याची माळ घालणार. दसऱ्याला त्यांनी तिला नवीन सीटकव्हर शिवून घेतलं होतं, लालभडक, काळ्या किनारीचं. घरात नव्या साडीचं कधी झालं नाही तेवढं कौतुक त्या कव्हराचं झालं.

"बाबा, पट्टा."

"अगं, लावतो गं. पेणला पोलीस असतो, तिथं लावतो."

बाबांची लावायची पद्धत आरोहीला माहीत होती. पोलीस दिसला की पट्टा छातीवर नुसता ओढून धरायचा आणि पोलीस मागं पडला की सोडून द्यायचा. रबरासारखा आपला सूं करून परत!

"पोलिसाला नाही हो धडकायचं आपल्याला," आरोही म्हणाली. "लावा ना. नाहीतर मी भाषण सुरू करते. पाच मिनिटांचं आहे. मग दहा मिनिटांचं पण आहे."

"लावतो, पण तुझं भाषण नको," असं म्हणत बाबांनी खट्ट करून पट्टा लावला.

सुचिताताईच्या घरी पोचले तर जेवणाची पंगत तयार. ताई पोट सांभाळत दारात आली आणि आरोहीच्या मनात आलं, उशी यापेक्षा फारच हलकी होती.

ताईच्या सासूबाई येसूबाई म्हणजे सगळ्या आळीच्या सासूबाई. उंच, काटक, आवाज असा की खाडीपलीकडच्या माणसानं वळून बघावं. पंगतीत वाढता वाढता त्या सुनेला म्हणाल्या, "खा गं, लाजतंस काय? माझा सिद्धेश पोटात सात म्हयन्यांचा व्हता तवा मी लावणी केली हाय. सकाळधरनं दिवस बुडंपर्यंत चिखलात उभी. जुन्या लुगड्याची पट्टी फाडायची, पोटाखालनं घट आवळायची नि वाकायचं. काय झालं? एवढा धिप्पाड पोरगा झाला!"

"आई, तुमचं काय, तुम्ही वाघीण," ताई हसून म्हणाली.

"व्हय, नि आता तू वाघाच्या पिल्लाची आई. भात घे."

आरोही भाकरीचा तुकडा मोडत ऐकत होती. तेव्हा तिला वाटलं, छान गोष्ट आहे. इतकंच.

जेवणं झाल्यावर ओटी भरली. पदरात तांदूळ, सुपारी, हळकुंड, खारीक, खण आणि वर चांगला मोठा नारळ. येसूबाईंनी बजावून सांगितलं, "ही ओटी माहेरच्या उंबऱ्यात उतरायची. मधी कुठं पिशवीत नि डिकीत टाकायची न्हाय. मी सोबत येतंय, मीच बघतंय." म्हणजे विहीणबाई पण येणार होत्या. दोन दिवस राहून परत.

ताई मागच्या सीटवर बसली, मांडीवर ओटीचा पदर, दोन्ही हातांत नारळ. आरोही तिच्या बाजूनं आत शिरली आणि पट्टा ओढला. पट्टा खिडकीकडून छान आला. आता तो अडकवायचं कुलूप शोधायचं. आरोहीनं सीटच्या फटीत हात घातला. नाही. पाठीमागं चाचपलं. नाही. दाबून बघितलं तर लाल कव्हराच्या खाली काहीतरी टणक लागलं.

"बाबा! कुलपं कुठंयत?"

बाबा डोकं खाजवायला लागले. "अगं, ती वर यायची ना, टोचतात म्हणायचे पॅसेंजर. मग कव्हर शिवताना मीच म्हटलं, बाबा रे, आतच राहू दे."

"म्हणजे तिन्ही आत शिवली?"

"व्यवस्थित शिवलीयत," बाबा म्हणाले, जसं काही ते कौतुकच होतं.

अलिबागपर्यंत रोज किती माणसं या सीटवर बसत होती. "कात्री पाहिजे," ती म्हणाली.

"कात्री? कशाला?"

"कव्हर कापायला."

बाबांनी तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनं गाय कापायची म्हटलंय. आणि तेवढ्यात येसूबाई पलीकडच्या दारातून आत डोकावल्या. आरोहीच्या हातातला पट्टा त्यांनी बघितला, ताईच्या पोटाकडं बघितलं आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ए पोरी! भरल्या ओटीवर आवळून बांधतंस काय? सोड आधी ते!"

अंगणातल्या बायका गाडीभोवती जमल्या. एक जण "अगं बाई, पोट बांधतात काय कधी?" म्हणाली. दुसरी च्च च्च करायला लागली.

"मावशी, पण शाळेत..."

"शाळा राहू दे शाळंत. माझी नातवंडं शाळंत जन्मत न्हायत."

"आरू," बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "गप बस. मुलीकडची माणसं आपण. विहीणबाईंच्या दारात उभं राहून उलट बोलायचं नसतं. मी हळू चालवतो. झालं?"

ताईनंही तिचा हात दाबला. सोड म्हणून. ताईच्या डोळ्यांत मात्र वेगळंच होतं. कंटेनरच्या गाड्यांचा उरणचा रस्ता तिला माहीत होता. रोज रात्री नवरा घरी येईपर्यंत ती त्याच रस्त्यावरच्या अपघातांच्या बातम्या ऐकत जागी असायची.

जुना आवाज आरोहीच्या गळ्यात येऊन बसला. हजेरीवाला. सोडून द्यावं, हसावं, पुढं जाऊन बसावं. सगळे खूश होतील. हाताखाली ताईचं पोट होतं आणि त्याच वेळी आतून एक लाथ बसली. टुण्णकन! आरोहीनं हात काढला नाही. आतलं माणूस जणू म्हणत होतं, मावशे, माझं काय ठरलं?

मावशी! ती स्वतः मावशी होणार होती की. मावश्यांनी असं हळू बोलून कसं चालेल?

"मावशी," ती येसूबाईंना म्हणाली, "एक सांगा. लावणीला ती लुगड्याची पट्टी तुम्ही पोटावर बांधायचात?"

"पोटावर? यडी हाईस का?" येसूबाई भडकल्याच. "पोटावर बांधल्यावर पोर गुदमरंल न्हाय का! पोटाखालनं बांधायची."

"म्हणजे नक्की कुठं?"

"हितं!" येसूबाईंनी रागारागानं स्वतःच्या कमरेवर दोन्ही हात ठेवून दाखवलं. "हितं, हाडावर. पोट वरती मोकळं. मग कितीबी वाका, भार कमरंवर पडतो, पोरावर न्हाय."

"मग हा पट्टा पण तिथंच बांधायचा," आरोही म्हणाली. "अगदी तिथंच. पोटाखाली, हाडावर. ओटी वर मोकळी. तुमच्याच पट्टीसारखा. फक्त ही पट्टी गाडीला बांधलेली आहे."

येसूबाईंचे हात कमरेवर तसेच राहिले. अंगणातली च्च च्च करणारी बाई थांबली. येसूबाईंनी एकदा आपल्या हातांकडं बघितलं, एकदा पट्ट्याकडं.

"दाखव," त्या म्हणाल्या.

आरोहीनं दाखवलं. पटांगणात चारशे पोरांसमोर दाखवलं होतं, त्याहून जास्त भीती आता वाटत होती. खालची पट्टी पोटाखालून ओढून तिनं हातानंच धरली, वरची छातीच्या मधून आणून पोटाच्या बाजूला घेतली.

"आनखी खाली घे," येसूबाई आत सरकल्या. "अगं खाली, हाडावर! पीळ पडलाय बघ, सरळ कर. घडी नको तिथं, काचंल. हां. आता जमलं." मग मागं वळून म्हणाल्या, "मग हे टोक कुठं अडकवायचं?"

"कव्हरात शिवलंय," आरोही म्हणाली आणि अगदी साळसूद चेहऱ्यानं बाबांकडं बघितलं.

येसूबाईंनीही बाबांकडं बघितलं. "व्याही, कात्री आनू?"

आता विहीणबाईंना कोण नाही म्हणणार? मुलीकडची माणसं ना आपण, असं आरोहीला म्हणायचं होतं, पण तिनं जीभ चावली.

कात्री आली. बाबांनी कव्हराला हात लावून जणू क्षमाच मागितली. "एकच भोक," ते म्हणाले. "एकच हां. बाकी राहू द्या. दसऱ्याचं कव्हर आहे."

"आणि मावशींना?" आरोहीनं विचारलं.

"माझ्या पोटात काय हाय आता? वडेच," येसूबाई म्हणाल्या आणि अंगण हसलं. आरोहीही हसली. इतकी मोठी लढाई जिंकल्यावर दुसरी लगेच कोण काढतं? एक भोक पडलं, खट्ट आवाज झाला, ताईनं डोळे मिटून श्वास सोडला. आरोही पुढं जाऊन बसली, स्वतःचा पट्टा लावला आणि वडखळ येईपर्यंत गाणी म्हणत राहिली.

वडखळ सोडून गाडी अलिबागच्या रस्त्याला लागली. रविवार दुपार, मुंबईच्या गाड्यांची रांग. पोयनाडच्या पुढं रस्ता मोकळा झाला म्हणून बाबांनी जरा वेग घेतला. जास्त नाही, पन्नासच्या आसपास. पुढं एक पांढरी गाडी चालली होती. येसूबाई मागं सांगत होत्या की बाळाचं नाव त्यांच्या सासऱ्यांवरून धर्माजी ठेवायचं, आणि ताई म्हणत होती की मुलगी झाली तर?

रस्त्याच्या कडेला पाटी होती : गरमागरम पोपटी मिळेल.

पुढच्या पांढऱ्या गाडीनं ती पाटी वाचली आणि रस्त्याच्या मधोमध थांबली.

बाबांनी ब्रेकवर उभं राहून ब्रेक मारला. टायर किंचाळले. आरोही पुढं फेकली गेली आणि त्याच क्षणी पट्ट्यानं तिला छातीशी पकडून मागं ओढलं, कुणीतरी मोठ्या माणसानं दंडाला धरून ओढावं तसं. तिच्या कानाजवळून काहीतरी सणकन गेलं आणि समोरच्या डॅशबोर्डवर धाडकन आपटलं. मागं कुणीतरी ओरडलं.

गाडी थांबली होती. पांढऱ्या गाडीच्या आणि इकोच्या मधे वीतभर जागा.

डॅशबोर्डवर तडा होता. खाली गिअरच्या बाजूला नारळ पडला होता, दोन शकलं होऊन, आणि पाणी बाबांच्या चपलेवरून वाहत होतं.

"ताई!"

ताई सीटवरच होती. दोन्ही हात पोटावर, चेहरा पांढराफटक, पण जागच्या जागी. पदरातले तांदूळ सगळ्या गाडीभर उडाले होते. पट्टा हाडावर घट्ट बसला होता, पोट त्याच्या वर. येसूबाई मात्र सीटवर नव्हत्या. त्या पुढच्या सीटच्या पाठीवर आपटून खाली गुडघ्यांवर बसल्या होत्या, कपाळावर टेंगूळ यायला लागलं होतं. आणि तशातही त्यांचा एक हात सुनेच्या पोटाकडं पसरलेला होता. पोचला नव्हता, पण पसरलेला होता.

"पोर," त्या म्हणाल्या. "पोर हलतंय काय गं?"

ताई पोटावरून हात फिरवत राहिली. "कळत नाहीये," ती शेवटी म्हणाली. "आई, मला कळत नाहीये."

बाबा स्टिअरिंग सोडायलाच तयार नव्हते. आरोहीनं ते बघितलं आणि तिच्या लक्षात आलं की आता बोलायचं काम परत आपलंच आहे. "बाबा, पाणी प्या आणि हळू चालवा. सरळ रचनाताईंकडं, त्यांचं केंद्र अलिबागच्या अलीकडंच आहे. मी फोन लावते. मावशी, तुम्ही माझ्या जागेवर पुढं या, इथं पट्टा आहे. मी मागं ताईजवळ बसते."

"आनि तू? तिथं भोक न्हाय."

"माझं बघू नंतर."

"नंतर न्हाय," येसूबाई म्हणाल्या. त्यांनी कमरेला हात घातला आणि अंगणातली कात्री बाहेर काढली. घाईत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, ती त्यांच्याच कनवटीला राहिली होती. बाबांनी कात्री बघितली, कव्हर बघितलं, गाडीभर पसरलेले तांदूळ बघितले. ते स्वतः उतरले, मागं आले आणि त्यांनी लाल कव्हराला आणखी दोन भोकं पाडली. चर्र. चर्र. घाईत दोन्ही वाकडीच झाली.

केंद्र येईपर्यंत आरोही ताईचा हात धरून बसली आणि मनात लाथेची वाट बघत राहिली.

रचनाताई दारातच उभ्या होत्या. ताईला खाटेवर झोपवलं, पोटावर ते छोटंसं यंत्र ठेवलं, इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं. नुसती खरखर. येसूबाईंनी आरोहीचा दंड इतका जोरात धरला की बोटं उमटली.

आणि मग ऐकू आलं. धकधक धकधक धकधक. घोडा पळावा तसं. घाईघाईत, जोरात, कुणाची पर्वा न करता.

ताई रडायला लागली. बाबा दाराकडं तोंड करून उभे राहिले आणि उगाच भिंतीवरचं पोस्टर वाचायला लागले.

"एकदम छान आहे," रचनाताई म्हणाल्या. "अलिबागला डॉक्टरांनाही दाखवून घेऊ, रात्रभर लक्ष ठेवतील, ते करायचंच. पण छान आहे." ताईच्या कमरेच्या हाडावर पट्ट्याचा लाल वळ उठला होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. "बरोब्बर जागा. कुणी लावला?"

आरोही काही म्हणायच्या आत येसूबाई म्हणाल्या, "आम्ही दोघींनी." मग कपाळावर ओला बोळा दाबत त्यांनी जरा थांबून सांगितलं, "पट्टी माझी. गाडीला बांधायची अक्कल हिची."

अलिबागला निघायला सगळे परत गाडीपाशी आले. बाबांनी तांदूळ झाडले नव्हते. नारळाची दोन शकलं तेवढी त्यांनी नीट उचलून सीटवर ठेवली होती. ताई ते बघून थबकली. ओटीतला नारळ फुटला, माहेरच्या उंबऱ्याच्या आधीच. तिच्या चेहऱ्यावर शंका उमटली, आणि ती सासूकडं बघायला लागली.

येसूबाईंनी शकलं हातात घेतली. आतलं खोबरं पांढरंशुभ्र होतं. "फुटला काय म्हणतंस?" त्या म्हणाल्या. "वाढवलाय. गाडीनं वाढवलाय. वाटंत पडला नि पोरावरचं घेऊन गेला." एक तुकडा मोडून त्यांनी सुनेच्या हातात दिला, एक बाबांच्या, एक आरोहीच्या. "खा. परसाद हाय."

मग त्या मागच्या सीटवर चढल्या, ऐसपैस बसल्या, वाकड्या भोकातून वर आलेलं कुलूप हातानं चाचपून बघितलं. "व्याही, भोक लई वाकडं पाडलंत," त्या म्हणाल्या.

"दुसऱ्या कव्हराला सरळ पाडतो," बाबा म्हणाले आणि सांगायच्या आधीच त्यांनी आपला पट्टा खट्ट करून लावला.

येसूबाईंनी उरलेलं शकल मांडीवर ठेवलं, पट्टा ओढला आणि त्याचं टोक आरोहीपुढं धरलं.

"लाव गं, वहिनी," त्या म्हणाल्या. शाळेतलं नाव ताईनं वाटेत कधी सांगितलं कोण जाणे. "नि ह्या नारळाला पन बांध. पयल्यानं त्योच उडाला व्हता."